कारण निवडा

सकाळी साडेनवाला शटर अर्धं वर करून
वाकून आत शिरायचं. दिवे नंतर.
आधी टाक्या.
रात्रीतून कोण उलटं झालंय
ते अंधारातच बरं दिसतं.
तौफिक जाळीनं उचलतो, मी वहीत लिहिते:
गप्पी सात, मॉली दोन, गोल्डफिश एक.
रकान्याचं नाव ‘घट’.

मग पोती.
पंधरा किलोचं एक, अशी चौदा, टेम्पोतून मागच्या खोलीत.
कोकरू आणि भात. सामन आणि रताळं.
पिल्लांसाठी. म्हाताऱ्या सांध्यांसाठी.
पहिल्या आठवड्यात मी पोत्यावरचं सगळं वाचायचे.
एका पोत्यात आमच्या घरचा दीड महिन्याचा किराणा येतो,
हे आईला सांगितलेलं नाही.
तिला वाटतं, जनावरांच्या औषधांचं दुकान आहे.

“ह्याला चिकन चालत नाही हं, पोटाला लागतं.”
ह्याला म्हणजे पट्ट्याच्या खालच्या टोकाला.
वरच्या टोकाला मोबाईल नंबर विचारायचा,
पॉइंट जमा करायचे,
वाढदिवस विचारायचा, खालच्याचा.
माझा मे महिन्यात होऊन गेला,
स्टॉक मोजणीच्या दिवशी.

एक मुलगा येतो शाळेच्या गणवेशात,
पाच रुपयाचं बिस्कीट मागतो, गेटवरच्या लंगडीसाठी.
आमच्याकडे एकशेदहाच्या खाली काही नाही.
तौफिक त्याला शेजारच्या वाण्याकडे धाडतो,
चेतन सर समोर नसतील तर.

घरी जाताना
चिंचोली फाटकाच्या गल्लीतली कुत्री
माझी पँट हुंगतात, गुडघ्यापासून टाचेपर्यंत,
पेपर वाचावा तशी:
आज कोण कोण आलं, कुणाला खाज होती,
कोण नखं कापताना मुतलं.
वाचून झालं की वाट सोडतात.

गुरुवारी डिमेलो अंकल आले, ऑर्लेमचे.
महिन्याच्या पहिल्या शनिवारी येणारा माणूस
गुरुवारी आला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.
खांद्यावर पोतं, फोडलेलं,
तोंडाला कपडे वाळत घालायचे तीन चिमटे.
“दोनच वाट्या वापरलंय,” म्हणाले.
बरोबर सार्जंट नव्हता.
मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
दोघंही पोत्याकडे बघत राहिलो.

फोडलेला माल परत घेतला जाणार नाही
हे भिंतीवर आहे. मीच लावलंय, चिकटपट्टीनं, जरा तिरकं.
“पैसे नकोत गं,” अंकल म्हणाले.
“फक्त घरात नको. रात्री उठून वाटी भरतो मी.”

चेतन सर जेवायला गेलेले.
मी परतीचं पान उघडलं.
मशीन म्हणालं, कारण निवडा.
खराब निघालं.
मुदत संपली.
माप चुकलं.
इतर.
‘इतर’ दाबलं की खाली चौकोन उघडतो,
त्यात लिहावं लागतं.

मागे रांगेत एक पग घोरत होता.
अंकल चिमटे काढून खिशात टाकत होते,
एकेक, मोजून.
मी ‘माप चुकलं’ दाबलं.

काट्यावर चौदा किलो सहाशे भरलं.
उरलेले चारशे ग्रॅम
सकाळच्या वहीत लिहिले, गप्पींच्या खाली.
पैसे त्यांच्याच नावावर जमा झाले,
दुकानातच खर्च करायचे, सहा महिन्यांच्या आत.

रविवारी सार्जंटचा वाढदिवस आहे.
सकाळी नऊला अंकलना मेसेज जाईल,
केकवर वीस टक्के सूट, सोबत टोपी घातलेल्या कुत्र्याचं चित्र.
तो थांबवायचं बटण कुठे असतं
मी तौफिकला विचारलं, चेतन सरांना विचारलं,
हेड ऑफिसला फोन लावला.
तिथली मुलगी म्हणाली, थांबा हं, बघते.
अजून थांबलेय.